वाचकांचे प्रश्न : डोळ्यांपुढचा उजेड आणि मेंदूतल्या लहरी

या वेळी आलेली बरीचशी पत्रं ईईजीबद्दलची, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखाबद्दलची आहेत. बहुतेकांच्या मुळाशी शंका एकच : डोळ्यांसमोर काही चमकवलं की मेंदूच्या आलेखात जे उमटतं, ते खरोखर मेंदूतलं असतं का? काही वेळा असतं, काही वेळा नसतं, आणि दोन्ही वेगळं करायच्या साध्या युक्त्या आहेत. निवडक प्रश्न घेतले आहेत. औषधांचा निर्णय मात्र तुमच्या न्यूरॉलॉजिस्टचाच.

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची आहे. सकाळी उठल्यावर तिचे हात अचानक झटकतात, कधी ब्रश हातातून उडतो. डॉक्टरांनी ईईजी सांगितला आहे आणि त्यात डोळ्यांवर उजेड चमकवणार म्हणाले. त्याने फिट आली तर? तयारी काय करायची? — एक पालक, नाशिक

सकाळच्या झटक्यांची गोष्ट डॉक्टरांना सांगितली असेलच. ती ईईजी काढणाऱ्या टेक्निशियनलाही सांगा. या वयात असे झटके जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सीचे, म्हणजे किशोरवयातल्या एका प्रकारच्या अपस्माराचे असू शकतात. हा आजार असलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांचा मेंदू चमकत्या उजेडाला वेगळा प्रतिसाद देतो. म्हणून तुमच्या मुलीच्या बाबतीत उजेडाची चाचणी टाळण्यापेक्षा नीट करून घेणं जास्त महत्त्वाचं.

तयारीत सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो केसांचा. आदल्या रात्री शॅम्पूने केस धुवा आणि नंतर तेल, कंडिशनर, जेल काहीही लावू नका. खोबरेल तेलाच्या थरामुळे इलेक्ट्रोड (डोक्याला चिकटवायची धातूची चकती) आणि त्वचा यांच्यातला विद्युत-अडथळा वाढतो. तो ५ किलोओहमच्या खाली ठेवायचा असतो. तो वाढला की ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० आवर्तनांची) घरगुती वीज आलेखात घुसते आणि टेक्निशियनचा अर्धा तास टाळू घासण्यात जातो. कपाळावरची टिकली काढा, कारण तिथेही इलेक्ट्रोड बसतो आणि टिकलीचा गोंद आड येतो. मुलीला उपाशी आणू नका. रक्तातली साखर उतरली तरी आलेख बदलतो. चालू औषधं मनाने बंद करू नका. रात्री जागवायला सांगितलं असेल तरच जागवा.

प्रत्यक्षात डोक्याचं माप घेऊन, १९५८ साली मांडलेल्या १०–२० पद्धतीने, कानांवरचे दोन धरून २१ इलेक्ट्रोड पेस्टने लावतात. आधी नुसतं डोळे मिटणं-उघडणं, मग साधारण ३ मिनिटं जोरजोरात श्वास. त्यानंतर निदान ३ मिनिटं थांबून उजेडाचा भाग येतो. दिवा डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरवर असतो. खोली मंद, पण चेहरा दिसेल इतपत उजेड ठेवलेली. चमक सेकंदाला १ आणि २ वेळा अशी सुरू करून ८, १०, १५, १८, २०, २५, ४०, ५०, ६० अशी चढवतात. प्रत्येक वेगाला काही सेकंद : डोळे उघडे, मिटताना आणि मिटलेले. मिटताना का, असं पालक नेहमी विचारतात. डोळे मिटण्याच्या त्या क्षणीच काहींचा मेंदू सर्वात संवेदनशील असतो. नुसते मिटलेले डोळे तपासले तर नेमकं तेच निसटतं.

दोन्ही बाजूंना पसरणारी बिघडलेली लहर दिसली की चढता क्रम तिथेच थांबवतात, आणि वरची मर्यादा शोधायला ६० पासून खाली येतात. अशी लहर पुन्हा दिसली की पुन्हा थांबतात. सगळा प्रकार साधारण सहा मिनिटांत उरकतो. इतक्या शिस्तीने केल्यास फिट येण्याचा धोका थोडा असतो, शून्य नव्हे. दिव्याचं बटण हाताशी ठेवून मुलीच्या चेहऱ्याकडे बघणारा माणूस समोर हवा. दिवा चालू करून फोनवर बोलायला जाणारा नको.

प्रश्न : मुलाच्या (वय १५) रिपोर्टमध्ये दोन ओळी आहेत : "फोटिक ड्रायव्हिंग दोन्ही बाजूंना" आणि "१५ हर्ट्झला फोटोपॅरॉक्सिझमल रिस्पॉन्स, टाइप ४". दोन्ही वाईटच का? टीव्ही, मोबाइल, गणपतीतले लाइट सगळं बंद करायचं का? — सोलापूर

पहिली ओळ अगदी सामान्य आहे. चमक सेकंदाला १० वेळा असेल तर डोक्याच्या मागच्या भागात, म्हणजे दृष्टीच्या केंद्रावर, तितक्याच वेगाच्या लहरी उमटतात. कधी दुप्पट किंवा निम्म्या वेगाच्याही. केंब्रिजमध्ये एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी १९३४ साली हे नोंदवलं आहे. असं ड्रायव्हिंग दिसलं नाही तरी तेही सामान्यच.

दुसरी ओळ लक्ष द्यायची आहे. उजेडाला मिळणाऱ्या बिघडलेल्या प्रतिसादाचे चार प्रकार करतात. टाइप १ मध्ये टोकदार लहरी फक्त मागच्या भागात राहतात, २ आणि ३ मध्ये त्या पुढे सरकतात, टाइप ४ मध्ये संपूर्ण डोक्यावर स्पाइक (टोकदार लहर) आणि मंद लहर अशी जोडी पसरते. फिटशी सर्वात जास्त संबंध टाइप ४ चा. तरीही रिपोर्टमधली ओळ म्हणजे आजाराचं निदान नव्हे. कधीही फिट न आलेल्या काही मुलांतही ती दिसते. मुलाला फिट, झटके किंवा क्षणभर हरवल्यासारखं होणं आहे का, यावर पुढचं सगळं ठरतं.

घरात काय करायचं ते सांगतो. सर्वाधिक त्रासदायक पट्टा सेकंदाला साधारण १५ ते २५ चमकांचा. आजच्या एलईडी पडद्यांची स्वतःची लुकलुक जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीसारखी नसते. त्या टीव्हीवर चित्र ५० हर्ट्झने उमटायचं आणि जवळ बसणाऱ्याला एकाआड एक ओळींची २५ हर्ट्झची थरथर दिसायची. आता धोका पडद्यापेक्षा त्यावरच्या चित्रात जास्त आहे. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये 'पोकेमॉन'च्या एका भागात लाल आणि निळा रंग सेकंदाला साधारण १२ वेळा आलटून-पालटून काही सेकंद चमकले. सुमारे ६८५ जणांना, मुख्यतः मुलांना, रुग्णालयात न्यावं लागलं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पूर्वी कधी फिट आलेली नव्हती. टीव्ही आणि वेबसाइटसाठीच्या मार्गदर्शक नियमांत सेकंदाला तीनपेक्षा जास्त चमका नकोत, असं म्हणतात ते याच धोक्यासाठी. गडद लाल रंगाला त्यात वेगळा, जास्त कडक नियम आहे.

म्हणून खोलीत दिवा चालू ठेवूनच टीव्ही बघायचा आणि दोन मीटरपेक्षा जवळ बसायचं नाही. पडद्याची प्रखरता कमी करायची. जागरणानंतर गेम खेळायचा नाही, कारण जागरण आणि चमक एकत्र आली की धोका वाढतो. अचानक चमक सुरू झाली तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायचा आणि मान वळवायची. हे मुलाकडून दोन-चार वेळा करवून घ्या. दोन्ही डोळे घट्ट मिटणं ही स्वाभाविक प्रतिक्रिया आहे, पण चुकीची : पापणीतून लालसर, पसरलेला उजेड आत जातोच, शिवाय मिटण्याची क्रियाच काहींना घातक ठरते. एक डोळा झाकल्यावर मेंदूच्या दृष्टिकेंद्रात उत्तेजित होणाऱ्या पेशींची संख्या घटते, म्हणून तो उपाय चालतो. रस्त्याच्या कडेच्या झाडांतून येणारं झपझप ऊन, विसर्जन मिरवणुकीतले स्ट्रोब, लग्नातल्या डीजेचे लाइट, सगळीकडे हाच उपाय. गणपती बघायला जाऊ द्या, डीजेच्या गाडीपुढे उभं राहू देऊ नका. मिरवणुकीतले लेसर ही निराळी भानगड आहे. ते मेंदूला नव्हे, दृष्टिपटलाला भाजतात आणि कुणालाही भाजतात.

काहींना गडद निळ्या कोबाल्ट रंगाच्या खास भिंगांचा चांगला उपयोग होतो. साधा काळा गॉगल त्या तोडीचा नाही. भिंगं घ्यायचीच तर ईईजीच्या दिव्यासमोर लावून, बिघडलेली लहर जाते का हे बघूनच घ्या. आणखी एक, ज्यांना मुली आहेत त्या पालकांसाठी : या प्रकारात व्हॅल्प्रोएट हे औषध प्रभावी असतं, पण गर्भावर त्याचे गंभीर परिणाम होतात. मुलगी मोठी होत असेल तर पर्यायांबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

प्रश्न : ध्यानवर्गात डोक्याला पट्टा लावून बसवतात. डोळे मिटले की यंत्रावर अल्फा लहरी वाढतात आणि "मन शांत झालं" असं सांगतात. खरं का? — पुणे

डोळे मिटले, एवढंच खरं. हान्स बर्गर यांनी जर्मनीतल्या येना इथे १९२४ साली माणसाच्या मेंदूचा आलेख पहिल्यांदा घेतला आणि १९२९ साली प्रसिद्ध केला. डोळे मिटल्यावर ८ ते १३ हर्ट्झच्या, म्हणजेच अल्फा लहरी वाढतात आणि उघडल्यावर दबतात, हे त्यांच्याच सुरुवातीच्या निरीक्षणांपैकी. चिंतेत असलेला माणूसही डोळे मिटून बसला की बहुतेक वेळा अल्फा दिसतो. पट्टा लावून डोळे मिटलेलेच ठेवा आणि मनात १७ गुणिले १३ करा. अनेकांचा अल्फा तेवढ्याने दबतो. काही निरोगी माणसांत तो मुळातच जेमतेम असतो. त्यांना "तुमचं मन अशांत" असं सांगणं हा अन्याय आहे.

प्रश्न : वय ३४. उजव्या डोळ्याने आठवडाभर धूसर दिसत होतं, आता बरं आहे. व्हीईपीमध्ये पी-१०० उजवीकडे १३२, डावीकडे १०३ मिलिसेकंद आलं. याचा अर्थ काय? चाचणी चुकू शकते का? — छत्रपती संभाजीनगर

व्हीईपी म्हणजे डोळ्यांनी पाहिलेल्याला मेंदू किती वेळात प्रतिसाद देतो याची चाचणी. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा पट असतो. दर अर्ध्या सेकंदाला काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं होतं. प्रत्येक बदलानंतर सुमारे १०० मिलिसेकंदांनी डोक्याच्या मागच्या भागात एक धन उंचवटा येतो, तोच पी-१००. तो काही मायक्रोव्होल्टचा असतो आणि त्याच्या आजूबाजूच्या ईईजी लहरी कितीतरी मोठ्या. म्हणून १०० किंवा जास्त प्रतिसादांची सरासरी काढतात. १०० ची सरासरी घेतली की असंबद्ध लहरी साधारण एकदशांश होतात आणि पटाच्या तालावरची लहर तशीच उरते.

दोन डोळ्यांत साधारण १० मिलिसेकंदांपेक्षा जास्त फरक लक्षणीय मानतात. तुमचा २९ आहे. लहरीची उंची शाबूत आणि फक्त उशीर वाढलेला, असं चित्र दृष्टीच्या नसेवरचं आवरण दुखावल्यावर दिसतं, म्हणजे ऑप्टिक न्यूरायटिसमध्ये. लंडनमध्ये १९७२ साली हॅलिडे, मॅकडोनाल्ड आणि मशिन यांनी हे दाखवलं. दृष्टी परत ६/६ झाली तरी उशीर बहुधा तसाच राहतो. त्यामुळे "आता तर दिसतंय" आणि "रिपोर्ट खराब" यांत विसंगती नाही. मात्र व्हीईपी उशीर किती ते सांगतो, तो कशामुळे हे सांगत नाही. आजाराचं नाव डोळ्यांची तपासणी आणि डॉक्टरांना गरज वाटल्यास एमआरआय यांतूनच ठरेल. ते टाळू नका.

चाचणी चुकते, तीही ठरावीक ठिकाणी. चष्मा लावला होता का? चौकटी धूसर दिसल्या तर उंची घटते आणि उशीर वाढतो, विशेषतः लहान चौकटींना. १ मीटर अंतरावर मोठी चौकट १.७५ सेंटिमीटरची, म्हणजे एक अंशाची असते. लहान चौकट साडेचार मिलिमीटरहून किंचित कमी. खुर्ची मागे सरकली तरी हे माप बदलतं. त्याच दिवशी बाहुली मोठी करणारे थेंब घातले होते का? मोतीबिंदू किंवा लहानपणापासून मंद असलेला डोळा आहे का? मधल्या खुणेवर नजर टिकली की डुलकी लागली? प्रत्येक डोळ्याचे निदान दोन आलेख एकमेकांवर चपखल बसायला हवेत. रिपोर्टमध्ये एकच रेष छापली असेल तर दुसरी मागून घ्या.

प्रयोगशाळांसाठी दोन बारीक गोष्टी. सेकंदाला नेमके २ बदल ठेवले तर ५०० मिलिसेकंदांत ५० हर्ट्झच्या विजेची बरोबर २५ आवर्तनं बसतात. मग सरासरीने ती गुणगुण कमी होण्याऐवजी ठळक होते. वेग १.९ केला की ती विरघळते. दुसरं, जुना ट्यूबचा मॉनिटर बदलून एलसीडी लावला असेल तर चित्र काही मिलिसेकंद उशिरा उमटतं. ते फोटोडायोडने (उजेड टिपणाऱ्या सुट्या भागाने) मोजा. जुन्या मॉनिटरवरची सामान्य मूल्यं नव्यावर चालवू नका.

प्रश्न : ईईजी टेक्निशियनचा अभ्यासक्रम करतो आहे. फोटिक (चमकता दिवा) चालू केलं की पुढच्या चॅनेलमध्ये चमकेच्या तालावर टोकं दिसतात. डोळे उघडे असताना मागे कधी त्रिकोणी टोकं येतात. कुठलं खरं समजायचं? — मिरज

पुढच्या टोकांचा चमकेपासूनचा वेळ मोजा. शून्य उशीर असेल तर उजेडाने इलेक्ट्रोडच्या धातूवरच वीज निर्माण केली आहे. त्या इलेक्ट्रोडवर काळं कापड टाका. टोक गेलं तर तो इलेक्ट्रोडचा प्रताप, आणि बहुधा त्याचा अडथळाही वाढलेला सापडेल. कापड टाकूनही लहानसं टोक राहिलं पण डोळा झाकल्यावर गेलं, तर ती दृष्टिपटलाची वीज. ५०–६० मिलिसेकंदांनी येणारं, पापण्या फडफडताना दिसणारं, दिवा बंद होताच थांबणारं टोक कपाळाच्या स्नायूंचं. डोळे उघडायला सांगितल्यावर ते सहसा जातं. मेंदूतला बिघडलेला प्रतिसाद चमकेच्या तालाला बांधलेला नसतो. तो स्वतःच्या गतीने येतो आणि दिवा विझल्यावरही क्षणभर रेंगाळू शकतो.

मागची त्रिकोणी टोकं म्हणजे बहुतेक लॅम्डा. पेशंट भिंतीवरचं कॅलेंडर किंवा छताचा पंखा बघत असतो, नजर टपटप हलते आणि प्रत्येक हालचालीला ओ-१, ओ-२ या डोक्यामागच्या इलेक्ट्रोडवर धन टोक येतं. तोंडासमोर कोरा पांढरा कागद धरा. टोकं नाहीशी झाली की लॅम्डाच. हा पाच सेकंदांचा उपाय न केल्यामुळे "ऑक्सिपिटल स्पाइक" (मागच्या भागातली बिघडलेली टोकदार लहर) असा शेरा पडतो आणि नसलेल्या आजाराची गोळी सुरू होऊ शकते. कागद धरल्याची वेळ आलेखावर नोंदवा, नाहीतर रिपोर्ट लिहिणाऱ्याला कळणार नाही.

१ आणि २ हर्ट्झ कंटाळवाणे म्हणून गाळू नका. लहान मुलात तिथे प्रत्येक चमकेला मागे मोठं टोक आलं, तर सीएलएन-२ या दुर्मीळ आनुवंशिक आजाराचा तो महत्त्वाचा सुगावा असतो.

प्रश्न : अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहोत. लॅपटॉपवर ९, १०, १३ आणि १५ हर्ट्झने लुकलुकणारे चार चौकोन ठेवून, बघणारा कुठल्या चौकोनाकडे बघतो हे ईईजीवरून ओळखायचं आहे. कुठल्या वेगाची लहर किती जोरदार ते दाखवणाऱ्या आलेखात १० चं शिखर नेहमीच दिसतं, १३ चं कधीच नाही. — कोल्हापूर

दोष पडद्याच्या हिशेबात आहे. लॅपटॉप सेकंदाला ६० फ्रेम दाखवतो. १३ हर्ट्झसाठी एका आवर्तनाला ४.६ फ्रेम लागतील. तेवढ्या मिळत नाहीत, म्हणून चौकोन कधी ४ तर कधी ५ फ्रेमला बदलतो आणि शिखर विखुरतं. ९ चंही तसंच. ६० ला पूर्ण भाग जाईल असेच वेग घ्या : ५ फ्रेमला १२, ६ ला १०, ७ ला ८.५७, ८ ला ७.५. बदल टायमरवर न चालवता फ्रेम मोजून करा. ७.५ आणि १५ एकत्र ठेवू नका, ७.५ चं दुप्पट शिखर १५ वरच पडतं.

१० चं शिखर बघणाऱ्याचा स्वतःचा अल्फा असण्याची शक्यता दाट आहे. त्याला कोऱ्या भिंतीकडे बघायला लावा. शिखर तसंच राहिलं तर चौकोनाचा संबंध नाही. पुढे एलईडी वापरलात तर त्यावर काळा पुठ्ठा ठेवून तोच प्रयोग करा. उजेड झाकूनही शिखर येत असेल तर एलईडीच्या वायरीतून वीज झिरपते आहे.

इलेक्ट्रोड ओ-झेड, ओ-१, ओ-२ वर, संदर्भ कानाच्या पाळीवर, ग्राउंड कपाळावर. चौकोन ५ सेंटिमीटरचा, अंतर ६० सेंटिमीटर. ४ सेकंदांची खिडकी (एका वेळी तपासायचा आलेखाचा तुकडा) घ्या म्हणजे पाव हर्ट्झचा फरक कळेल. १ सेकंदाच्या खिडकीत ७.५ आणि ८.५७ एकमेकांत मिसळतात. सिग्नल वाचायला आर्डुइनो उनो हा छोटा बोर्ड वापरणार असाल तर त्याची एक पायरी सुमारे ५ मिलिव्होल्टची असते, तर तुमचा सिग्नल काही मायक्रोव्होल्टचा. आधी काही हजारपट वाढवल्याशिवाय तिथे काहीच दिसणार नाही. सर्किट बॅटरीवर चालवा आणि डोक्याला वायरी असताना लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा. ही सूचना सुरक्षेसाठी आहे, आलेखातली विजेची गुणगुण कमी होणं हा वरचा फायदा. स्वतःला किंवा घरात कुणाला फिट येते का, हे विचारल्याशिवाय वर्गमित्रांना समोर बसवू नका. १५ हर्ट्झ या कारणासाठीही वगळा.

प्रश्न : "४० हर्ट्झ स्मरणशक्ती व्हिडिओ" मुलांना अभ्यासाआधी दाखवावा का? याच तत्त्वाचा दिवाही विकत मिळतो. — मडगाव

३० फ्रेमच्या व्हिडिओत उजेड-अंधाराचं सर्वात जलद आवर्तन दोन फ्रेमचं, म्हणजे १५ हर्ट्झ. ६० फ्रेमच्या पडद्यावर ३०. तिथे नियमित ४० बसतच नाही. पाहणाऱ्याला जे मिळतं ते भलत्याच वेगाचं, आणि ते त्रासदायक पट्ट्यात पडण्याची शक्यता आहे. मुलांना दाखवू नका.

४० ची चर्चा आली कुठून? एमआयटीमधल्या गटाने २०१६ साली उंदरांवर ४० हर्ट्झचा उजेड वापरला आणि अल्झायमरशी निगडित अमायलॉइड हे प्रथिन दृष्टिकेंद्रात घटल्याचं सांगितलं. २०२३ साली न्यूयॉर्कमधल्या गटाला उंदरांत तसा परिणाम आढळला नाही. अल्झायमरच्या रुग्णांवर चाचण्या चालल्या आहेत. निरोगी मुलांच्या परीक्षेशी त्यांचा संबंध नाही. दिवा आधीच घेतला असेल तर फोनच्या २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये त्याचं चित्रण करा आणि फ्रेम मोजा. खरा ४० हर्ट्झ असेल तर दर सहा फ्रेमला एक आवर्तन पूर्ण होईल. १० ते १६ फ्रेम लागत असतील तर तो १५ ते २४ हर्ट्झवर चमकतो आहे. तो परत करा.